तेच संगीत, पुढचा उन्हाळा: एका ड्रम कोरच्या दोन हंगामांची तुलना कशी करावी

एखाद्या ड्रम कोरने एका वर्षी वाजवलेलं संगीत पुढच्या वर्षी पुन्हा घेतलं, की ऐकणाऱ्यांत हमखास दोन तट पडतात. कुणाला पहिलं भारी वाटतं, कुणाला दुसरं, आणि वाद शेवटी गुणांच्या आकड्यावर येऊन अडकतो. त्या वादात उतरण्याआधी करायच्या कामाबद्दल हा लेख आहे. दोन्ही रेकॉर्डिंग्ज समोर, कागद-पेन्सिल, हेडफोन आणि साधा लॅपटॉप एवढ्या सामग्रीवर नेमकं काय बदललं आणि ते कुणामुळे बदललं, हे बऱ्यापैकी खात्रीने शोधता येतं.

ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. अमेरिकेतले ड्रम कोर म्हणजे पितळी वाद्यं, तालवाद्यं आणि झेंडे, रायफली घेऊन नाचणारा कलर गार्ड. बासरी, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन यांना इथे जागा नाही. फुटबॉलच्या मैदानावर चालत, धावत दहा-बारा मिनिटांचा एकच कार्यक्रम सादर करायचा, आणि तोच पूर्ण उन्हाळाभर गावोगाव फिरून घासायचा. डीसीआय, म्हणजे ड्रम कोर इंटरनॅशनल, या संस्थेच्या अंतिम स्पर्धा १९७२पासून ऑगस्टमध्ये होतात. वाजवणारी मुलं बाविशीच्या आतबाहेर. वयोमर्यादा संपली की बाहेर पडायचं. परदेशातली बरीच मराठी मंडळी मुलांच्या शाळेतल्या मार्चिंग बँडमुळे या जगात येतात, आणि मग जुनी रेकॉर्डिंग्ज धुंडाळायची खोड लागते ती लागतेच.

उदाहरण कोणतं घ्यावं

शिकण्यासाठी माझ्या मते सगळ्यांत सोयीची जोडी आहे सँटा क्लारा व्हॅन्गार्ड या कोरची, १९८८ आणि १९८९ची. हा कोर सिलिकॉन व्हॅलीतल्या सँटा क्लाराचा, १९६७ साली गेल रॉयर यांनी उभा केलेला. दोन्ही वर्षी त्यांनी ‘द फँटम ऑफ द ऑपेरा’ या संगीतिकेच्या संगीतावर कार्यक्रम बांधला. ही संगीतिका लंडनमध्ये ९ ऑक्टोबर १९८६ला आणि न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर २६ जानेवारी १९८८ला सुरू झाली. म्हणजे १९८८च्या उन्हाळ्यात हे संगीत अमेरिकन प्रेक्षकांसाठी ताजं ताजं होतं. त्या वर्षी मॅडिसन स्काउट्स हा कोर पहिला आला आणि व्हॅन्गार्ड दुसरे. पुढच्या वर्षी तेच संगीत घेऊन व्हॅन्गार्ड १००पैकी ९८.८ गुण मिळवून पहिले आले. १९८९ला दुसऱ्या क्रमांकावर होते फँटम रेजिमेंट. फँटम वाजवणाऱ्यांनी फँटम नावाच्या कोरला हरवलं, हा विनोद तेव्हापासून चालत आलेला आहे.

ही जोडी सोयीची का, तर बाकीच्या बऱ्याच गोष्टी जागच्या जागी राहिल्या. दोन्ही अंतिम फेऱ्या मिसूरीतल्या कॅन्सस सिटीच्या ॲरोहेड स्टेडियममध्ये झाल्या, तेव्हा तिथे दोन्ही वर्षी कृत्रिम हिरवळ होती. दोन्ही वर्षी सदस्यसंख्येची मर्यादा १२८. दोन्ही वर्षी ‘जी’ स्वरातली दोन व्हॉल्व्हची, म्हणजे सूर बदलायच्या दोन कळांची, ब्यूगल्स ही पितळी वाद्यं. तिसऱ्या व्हॉल्व्हला परवानगी मिळाली ती १९९०पासून. मैदानावर मायक्रोफोन लावून आवाज वाढवणं २००४पर्यंत निषिद्ध होतं.

याच्या उलट टोकाचं उदाहरण फँटम रेजिमेंटचं. त्यांनी ‘स्पार्टाकस’ १९८१ आणि १९८२ असं लागोपाठ वाजवलं आणि २००८ला पुन्हा घेऊन स्पर्धा जिंकली. पहिली दोन वर्षं एकमेकांशी ताडून पाहता येतात. पण १९८२ आणि २००८ यांच्यामध्ये वाद्यं बदलली, माणसं वाढली, पिटसमोर, म्हणजे मैदानाच्या पुढच्या कडेला उभ्या तालवाद्यांसमोर, मायक्रोफोन आले, परीक्षणाची पद्धत पालटली. तिथे तुम्ही दोन कार्यक्रमांची नाही, दोन काळांची तुलना करत असता. तीही करावी, पण त्याला पद्धत वेगळी लागते.

फरकाचे चार धनी

आपल्याकडे एकाच गायकाची एकच बंदिश दोन मैफिलींत ऐकली, तर फरक असणारच हे आपण धरून चालतो; तिथे उपज हाच गाण्याचा जीव. ड्रम कोरमध्ये उपज जवळजवळ शून्य. प्रत्येक सूर, प्रत्येक पाऊल आधीपासून ठरलेलं. म्हणून दोन वर्षांत काही वेगळं ऐकू आलं, तर त्याला चारांपैकी कुणीतरी एक जबाबदार असतो: रेकॉर्डिंग करणारा, तो दिवस आणि ती जागा, वाजवणारी मुलं, किंवा ज्यांनी संगीत आणि ड्रिल (मैदानावर कुणी कधी कुठे चालायचं याची आखणी) लिहिलं ती मंडळी.

बहुतेक लोक थेट चौथ्यावर उडी मारतात. “दुसऱ्या वर्षी अरेंजमेंट जास्त धारदार केली” असं ठामपणे म्हणतात, आणि प्रत्यक्षात दुसऱ्या वर्षीचा मायक्रोफोन ट्रम्पेटच्या रांगेजवळ होता एवढंच निघतं. आपण उलट दिशेने जायचं. आधी रेकॉर्डिंगचा वाटा काढायचा, मग दिवसाचा, मग वाजवणाऱ्यांचा. त्यानंतरही जे शिल्लक उरेल ते लिहिणाऱ्यांच्या खात्यावर.

आणि यातला एक नियम कधी मोडू नका: प्रत्येक हंगामाची किमान दोन रेकॉर्डिंग्ज हवीत. १९८९ची उपांत्य फेरी आणि अंतिम फेरी यांत जेवढा फरक आहे, तेवढाच जर १९८८ आणि १९८९ यांत सापडला, तर तुम्हाला काहीच सापडलेलं नाही. एका हंगामातल्या दोन प्रयोगांमधली तफावत ही तुमची मोजपट्टी. तिच्यापेक्षा मोठं अंतर दिसलं तरच वर्षांबद्दल बोलायचं.

रेकॉर्डिंग्ज जमवताना

हंगामातला टप्पा सारखा ठेवा. जूनमधला कार्यक्रम आणि ऑगस्टमधला कार्यक्रम यांत कधीकधी शेवटच पूर्ण वेगळा असतो. डिझायनर मंडळी उन्हाळाभर कापाकापी करत असतात. एका वर्षाचा जून आणि दुसऱ्या वर्षाचा ऑगस्ट शेजारी ठेवलात तर दुसरं वर्ष आपोआप जिंकतं. अंतिम फेरीशी अंतिम फेरी, जूनशी जून.

हंगाम आडवा न पाहता उभा पाहण्यात मात्र वेगळी गंमत आहे. पहिल्या वर्षाचा ऑगस्ट आणि दुसऱ्या वर्षाचा जून मिळाले तर दोन्ही जरूर ऐका, पण वेगळ्या वहीत. दुसऱ्या वर्षी कोर नेमका कुठून सुरू झाला, म्हणजे ऑगस्टचं काय जपलं आणि काय पहिल्याच दिवशी फेकून दिलं, हे तिथे कळतं. जूनमध्ये कच्चं वाजणं हा पुरावा नाही. जूनमध्ये गाळलेला भाग हा पुरावा आहे.

चित्रीकरणाचा प्रकारही सारखा हवा. टीव्हीसाठी केलेल्या संकलनात कॅमेरा क्षणोक्षणी बदलतो: एक चेहरा, एक झेंडा, पुन्हा पूर्ण मैदान. प्रेक्षकांच्या वरच्या टोकावरून केलेल्या स्थिर चित्रीकरणात मांडणी दिसते, चेहरे दिसत नाहीत. एका वर्षाचं टीव्ही संकलन आणि दुसऱ्या वर्षाचं स्थिर चित्रीकरण घेतलंत, तर पहिलं भावपूर्ण आणि दुसरं शिस्तबद्ध वाटणार, कोर कसाही वाजलेला असो.

एक सावधगिरी: हक्कांच्या कारणांमुळे काही जुन्या कार्यक्रमांच्या प्रतींत मधला तुकडा कापलेला किंवा मुका केलेला असतो. एकूण कालावधी पाहून लगेच “या वर्षी कार्यक्रम छोटा केला” म्हणू नका. कापलेल्या जागी टाळ्यांचा आवाज अचानक तुटतो, त्यावरून ओळखता येतं.

टेपचा वेग आधी तपासा

हा भाग लोक गाळतात. म्हणून इथे जरा थांबू.

१९८०च्या दशकातलं ध्वनिमुद्रण तुमच्यापर्यंत येईतो रेकॉर्ड, कॅसेट, कुणाच्या तरी घरचा डेक, मग संगणक असा प्रवास झालेला असतो. वाटेत कुठेही वेग एक टक्का वाढला, तर ११ मिनिटांचा कार्यक्रम साडेसहा सेकंदांनी आटपतो, मिनिटाला १७१ असलेली लय १७३च्या जवळ जाते आणि सगळे सूर साधारण १७ सेंट चढतात. सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग. कानाला एवढंच जाणवतं की हे वर्ष जरा तजेलदार वाजतंय.

सोपा उपाय म्हणजे त्याच प्रयोगाचा व्हिडिओ शोधणं. व्हिडिओ टेपचा वेग चित्राच्या संकेताला बांधलेला असतो, त्यामुळे तो कॅसेटसारखा भरकटत नाही. एक ठळक ठोका निवडा, तिथपासून दुसऱ्या ठळक ठोक्यापर्यंतचे सेकंद दोन्हीकडे मोजा. जुळले तर ठीक. फक्त तो व्हिडिओ आणि ती सीडी एकाच रात्रीची आहेत ना, हे आधी पाहून घ्या.

व्हिडिओ नसेल तर पिटकडे वळा. मैदानाच्या पुढच्या कडेला उभ्या असलेल्या व्हायब्राफोन, मरिम्बा, ग्लॉकनस्पील यांच्या पट्ट्या कारखान्यातून ठरावीक स्वराला लावून येतात, आणि हवा तापली तरी त्यांचा स्वर जवळपास हलत नाही; धातूची पट्टी तापली तर उलट किंचित उतरते. पितळी वाद्यांचं तसं नाही. त्यांच्या आतली हवा तापली की स्वर चढतो: हिशेबाने दर अंशाला जवळजवळ ३ सेंट. प्रत्यक्षात फुंक मुळातच कोमट असते आणि मुलं नळी ओढून स्वर सांभाळतात, म्हणून कमी. पण दिशा तीच.

यातून एक छान कसोटी मिळते. दुसऱ्या वर्षी पितळी वाद्यं चढी आणि व्हायब्राफोनही तेवढाच चढा असेल, तर टेप वेगात आहे. पितळी वाद्यं चढी पण व्हायब्राफोन जागेवर असेल, तर संध्याकाळ गरम होती किंवा कोरने स्वर वरचा लावला. पहिला फरक रेकॉर्डिंगच्या खात्यात, दुसरा दिवसाच्या. त्यासाठी कार्यक्रमातला शांत भाग शोधा, जिथे पिट उघडं ऐकू येतं. ट्यूब्युलर बेल्स या कामाला घेऊ नका. त्यांचे उपस्वर इतके वेडेवाकडे असतात की स्वर मोजणारं यंत्रही फसतं. टिंपनी तर पायाने लावायचं वाद्य, ते सोडाच. आणि ८-१० सेंटच्या आतल्या फरकाकडे दुर्लक्ष करा, कारण काही पट्ट्या ४४० कंपनांना लावलेल्या येतात, काही ४४२ला. तेवढ्यानेच ८ सेंट होतात.

विजेच्या गुणगुणीवरही काही लोक भरवसा ठेवतात: अमेरिकेत ती सेकंदाला ६० कंपनांची, म्हणून टेपमध्ये ६०.६ सापडली तर टेप एक टक्का वेगात. कल्पना चांगली आहे, पण ती गुणगुण मूळ रेकॉर्डिंगची की पुढे प्रत करणाऱ्या यंत्राची, हे सांगता आलं पाहिजे. तुमची प्रत भारतात झाली असेल आणि ५०ला ठणठणीत गुणगुण सापडली, तर ती डेकवाल्याच्या घरची समजा.

नकाशा काढा

आता संगीत. दोन्ही वर्षं लागोपाठ ऐकून मत बनवू नका. दुसरं ऐकलेलं ताजं असतं, त्याचाच पगडा बसतो. प्रत्येक वर्षाचा वेगळा नकाशा काढा आणि मग नकाशे शेजारी ठेवा.

ऑडॅसिटी या मोफत प्रोग्रॅममध्ये रेकॉर्डिंग उघडा. ते चालू असताना कंट्रोल आणि एम एकत्र दाबलं की त्या क्षणाला खूण पडते. धून बदलली, लय बदलली, बॅटरी (ढोल घेऊन मैदानावर चालणारी मंडळी) एकटी पडली, पितळी वाद्यं थांबली, टाळ्या सुरू झाल्या: अशा प्रत्येक वळणाला खूण आणि दोन शब्द. पहिल्या फेरीत खुणा ढोबळ पडतील. दुसऱ्या फेरीत सरकवून जागेवर आणा.

मग तक्ता. डाव्या स्तंभात धून, शेजारी पहिल्या वर्षीची सुरुवात आणि लांबी, त्याशेजारी दुसऱ्या वर्षीची. तक्ता भरत आला की चार प्रकारच्या गोष्टी उठून दिसतात: काय ठेवलं, काय गाळलं, काय नवीन आणलं आणि कशाची जागा बदलली. माझा अनुभव असा की चौथा प्रकार सगळ्यांत बोलका असतो. एखादी धून पहिल्या वर्षी मध्यावर होती आणि दुसऱ्या वर्षी शेवटाकडे नेली, तर त्या धुनेचं काम बदललं. पहिल्या वर्षी ती विसावा होती, आता ती चढण झाली. सूर तेच असूनही.

धून तीच असेल तर पुढचं पाहा: ती कोण वाजवतंय? सोप्रानो, मेलोफोन की बॅरिटोन, म्हणजे वरच्या, मधल्या की खालच्या आवाजाचं ब्यूगल? स्वरपट्टी तीच आहे का? दोन व्हॉल्व्हच्या ब्यूगलवर खालच्या सप्तकातले काही सूर मिळतच नाहीत. त्यामुळे पट्टी बदलली की कुठल्या आवाजाला काय देता येईल याचं गणितच फिरतं, आणि पट्टी बदलणं हा फार मोठा निर्णय असतो. तो सापडला तर तुमच्या यादीत सगळ्यांत वर लिहा. पण टेपचा वेग तपासल्याशिवाय पट्टीबद्दल बोलू नका, हे आता वेगळं सांगायला नको.

आणि शेवटाकडून सुरुवात करा. लिहिणारे सगळ्यांत जास्त हात शेवटच्या दीड-दोन मिनिटांवर फिरवतात, त्यामुळे तिथे फरक दाट असतात आणि हुरूप टिकतो. सुरुवातीपासून घेतलंत तर पहिल्या चार मिनिटांत “सगळं तेच तर आहे” असं वाटून काम अर्धवट राहतं.

लय मोजणं

कानाने लय ठरवू नका. ढोल वाढले, झेंडे जोरात फिरले, लोक ओरडले की लय वाढल्यासारखी वाटते. मोजायचं कसं, तर मात्रा मोजा, सेकंद मोजा, मात्रांना ६०ने गुणून सेकंदांनी भागा. समजा ६४ मात्रांना पहिल्या वर्षी २२.४ सेकंद लागले: मिनिटाला १७१. दुसऱ्या वर्षी २१.६: मिनिटाला १७८. हे आकडे नमुन्यादाखल आहेत, व्हॅन्गार्डचे नाहीत.

तुकडा लांब घ्या. खूण पाडताना दोन्ही टोकांना मिळून ०.२ सेकंद इकडेतिकडे होणारच. ६४ मात्रांच्या तुकड्यात त्याने दीड-दोन ठोक्यांची चूक होते, आठ मात्रांच्या तुकड्यात तब्बल १२ ठोक्यांची. आठ मात्रांवरून लयीचा निष्कर्ष काढणारा माणूस आपलाच अंगठा मोजत असतो.

याहून बारीक काम करायचं असेल तर सॉनिक व्हिज्युअलायझर वापरा. लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठात तयार झालेला हा मोफत प्रोग्रॅम एकाच संगीताची दोन रेकॉर्डिंग्ज आपोआप जुळवून दाखवतो. शास्त्रीय पियानोसाठी तो झकास चालतो. ड्रम कोरच्या गोंगाटात कधीकधी अडखळतो, आणि दुसऱ्या वर्षी काही तुकडे कापलेले असतील तर पार गोंधळतो. म्हणून पूर्ण कार्यक्रम एकदम न देता तक्त्यातला एकेक तुकडा द्या.

आवाज किती मोठा, किती एकसंध

दोन रेकॉर्डिंग्जची आवाजाची पातळी थेट ताडून काही हाती लागत नाही. टीव्हीवाले मोठा आवाज दाबतात आणि लहान वर उचलतात. एकाच रेकॉर्डिंगमधलं नातं मात्र पाहता येतं. सगळ्यांत शांत जागा आणि सगळ्यांत मोठी जागा यांत किती पल्ला आहे? वाढत जाणारा आवाज किती मात्रांत चढवला? पहिल्या वर्षी १६ मात्रांत आणि दुसऱ्या वर्षी २४ मात्रांत चढवला असेल, तर ते दाबलेल्या रेकॉर्डिंगमध्येही कळतं.

एकसंधपणाबद्दल बोलताना अंतर विसरू नका. मैदानाची खोली ५३ यार्ड आणि थोडं, म्हणजे जवळजवळ ४९ मीटर. मागच्या कडेचा आवाज पुढच्या कडेला यायला ०.१४ सेकंद लागतात. मिनिटाला १८० लयीत सोळावा स्वर, म्हणजे एका ठोक्याचा चौथा भाग, ०.०८ सेकंदाचा. याचा अर्थ मागे उभ्या असलेल्या मुलाने अचूक ठोक्यावर वाजवलं, तरी पुढच्या मायक्रोफोनला तो दीड-दोन सोळाव्यांनी उशिरा ऐकू येतो. म्हणूनच पिटवाले डोळ्यांनी ड्रम मेजरकडे, म्हणजे हातांनी ताल दाखवणाऱ्या संचालकाकडे, न पाहता मागून येणारा आवाज ऐकून त्यावर बसतात. तुम्हाला एखाद्या जागी कोर फाटलेला ऐकू आला, तर आधी व्हिडिओत पाहा की त्या क्षणी बॅटरी आणि पितळी वाद्यं कुठे उभी आहेत. दुसऱ्या वर्षी तीच जागा घट्ट वाजत असेल, तर मुलं सुधारली असं म्हणण्याआधी बॅटरी दहा यार्ड पुढे आणली का ते बघा. तसं असेल तर श्रेय ड्रिल लिहिणाऱ्याचं.

पावलं मोजा

मैदानावर दर पाच यार्डांवर रेघ असते, ही तुमची फूटपट्टी. पाच यार्डांत आठ पावलं म्हणजे एक पाऊल साडेबावीस इंच, ५७ सेंटिमीटर. हे नेहमीचं चालणं. पाच यार्डांत सहा पावलं म्हणजे ३० इंच, ७६ सेंटिमीटर. व्हीएलसी या व्हिडिओ पाहायच्या प्रोग्रॅममध्ये ई हे अक्षर दाबत एकेक चौकट पुढे सरका, एक माणूस धरा, एका रेघेपासून दुसऱ्या रेघेपर्यंत त्याची पावलं मोजा.

आता हिशेब. मिनिटाला १७२ लयीत आठ-पाचच्या पावलाने मुलगा सेकंदाला १.६४ मीटर सरकतो. लय १७८ केली तर १.७०. फारसं नाही. पण लय १७२च ठेवून पाऊल सहा-पाचचं केलं, तर सेकंदाला २.१८ मीटर: एक तृतीयांशाने जास्त, आणि ओठांवर ब्यूगल तसंच. कार्यक्रम दुसऱ्या वर्षी ‘वेगवान’ वाटला की लोक लय मोजायला धावतात. बहुतेकदा वाढलेलं असतं पाऊल.

म्हणून संगीताच्या तक्त्यात आणखी एक स्तंभ जोडा: या वेळी पाय काय करताहेत? उभे, सावकाश, जलद. पहिल्या वर्षी अवघड तान उभ्याने वाजवली आणि दुसऱ्या वर्षी तीच तान चालत वाजवली, तर सूर अगदी सारखे असले तरी काम दुप्पट झालं. याचं उलटही सापडतं: दुसऱ्या वर्षी एखाद्या ठिकाणी मुलांना मुद्दाम उभं केलं, आणि तिथे आवाज फुलला. दोन्ही निर्णय लिहिणाऱ्यांचे. हा स्तंभ भरायला वेळ लागतो आणि कंटाळा येतो. तरीही पूर्ण अभ्यासातून एकच गोष्ट ठेवायची झाली तर मी हाच ठेवेन.

मैदानावरच्या आतल्या छोट्या खुणांवर, ज्यांना हॅश म्हणतात, विसंबताना जपून. शाळा, कॉलेज आणि व्यावसायिक फुटबॉल यांच्या मैदानांवर त्या वेगवेगळ्या अंतरावर असतात: कडेपासून अनुक्रमे ५३ फूट ४ इंच, ६० फूट आणि ७० फूट ९ इंच. दोन वर्षांची रेकॉर्डिंग्ज वेगळ्या स्टेडियममधली असतील, तर मांडणी खोल झाली की नुसत्या खुणा सरकल्या, हे कळायचं नाही. रेघा मात्र सगळीकडे पाचच यार्डांवर.

गुणांचं काय करायचं

गुण शेवटी पाहा. आधी पाहिलेत तर कान त्यांच्यामागे जातात.

९८.८ हा आकडा १९८९च्या व्हॅन्गार्डबद्दल सांगतो की त्या रात्रीच्या परीक्षकांना त्यांना इतरांपेक्षा वर ठेवावंसं वाटलं. १९८८च्या व्हॅन्गार्डशी त्याची वजाबाकी होत नाही. परीक्षक एका रात्रीत कोरांना एकमेकांच्या सापेक्ष बसवतात, आणि वरच्या टोकाला जागा फार थोडी असते. २००८ला फँटम रेजिमेंटने ९८.१२५ गुणांनी स्पर्धा जिंकली तेव्हा ब्लू डेव्हिल्सना ९८.१०० होते. ०.०२५ एवढ्या फटीवर जिथे अजिंक्यपद ठरतं, तिथे दोन वेगळ्या वर्षांच्या आकड्यांत अर्थ शोधणं व्यर्थ आहे.

पद्धतही बदलत आली आहे. १९८३पर्यंत दिसलेल्या प्रत्येक चुकीला गुण कापले जात. पुढच्या वर्षीपासून मिळवलेल्या गुणांची बेरीज सुरू झाली. आजच्या पद्धतीत एकूण परिणामाला ४०, दृश्याला ३० आणि संगीताला ३० गुण आहेत. गुणपत्रक मिळालंच, तर बेरीज न पाहता एकेका विभागातला क्रमांक पाहा: ब्रासमध्ये त्या रात्री कितवे, तालवाद्यांत कितवे, गार्डमध्ये कितवे. दोन वर्षांत तालवाद्यांचा क्रमांक जागेवर राहिला आणि दृश्याचा वर गेला, तर तुमच्या पावलांच्या स्तंभाशी ते जुळतं का ते तपासा. गुणपत्रक हा असा एक साक्षीदार; न्यायाधीश म्हणून त्याला बसवू नका.

प्रेक्षकांच्या आरडाओरड्याचंही तेच. १९८८ला ब्रॉडवेवरचं संगीत नवं होतं. १९८९ला लोकांना धून कुठे चढणार हे ठाऊक होतं, त्यात आदल्या वर्षी हाच कोर तीच धून वाजवताना ऐकलेला. टाळी कुठे पडली याची नोंद करा, किती मोठी पडली याची करू नका.

लिहिताना, आणि शेवटची पडताळणी

आता प्रत्येक फरकापुढे धनी लिहा: रेकॉर्डिंग, दिवस, वाजवणारे, लिहिणारे. शंका असेल तिथे दोन नावं लिहायला लाजू नका. मुलांच्या खात्यावर टाकताना एवढं ध्यानात ठेवा की दर वर्षी काही जण वयाने बाहेर पडतात, नवे येतात. ‘दुसऱ्या वर्षी मुलांना संगीत मुरलेलं होतं’ हे अर्धंच खरं असतं. मुरलेलं असतं ते राहिलेल्यांना, आणि शिकवणाऱ्यांना तर नक्कीच. कोरने संगीत पुन्हा का घेतलं याबद्दलचे तर्कही बाजूला ठेवा. तुमच्या तक्त्यात निर्णय दिसतात, हेतू दिसत नाहीत.

त्यानंतर वर्षं लपवून ऐकण्याचा प्रयोग करा. दोन्ही वर्षांतून सारख्याच जागेचे वीस-वीस सेकंदांचे तुकडे काढा, निवेदकाचा आवाज आणि टाळ्या छाटा, आवाजाची पातळी सारखी करा आणि दुसऱ्या कुणालातरी फायलींची नावं बदलायला सांगा. प्रत्येक तुकडा कोणत्या वर्षाचा ते तुम्ही ओळखायचं आणि कशावरून ओळखलं तेही लिहायचं. जिथे ओळखता आलं नाही, तिथे ऐकण्यातल्या फरकाबद्दल तुमच्या मसुद्यात असलेली वाक्यं खोडा. तक्त्यात मोजून सापडलेले लयीचे आणि पावलांचे आकडे तेवढे राहू द्या. जिथे बरोबर ओळखलंत पण कारण म्हणून रेकॉर्डिंगची खरखर लिहिलीत, तिथे तो तुकडा बाद करून त्याच धुनेतला दुसरा काढा आणि पुन्हा एकदा ऐका.